भोपळ्याच्या फुलात

महादेवीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जुळे सोलापुरातल्या घरापुढची बाग नवऱ्याच्या, शिवयोगींच्या गळ्यात पडली. तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात कारकुनी केलेला माणूस. चप्पल भिजेल म्हणून पाणीही लांबूनच घालायचा. महादेवी वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि तिथूनच सूचना द्यायची.

वालाच्या वेलावर माव्याची कीड पडली तेव्हा मात्र त्यांनी तिला विचारलं नाही. मोडनिंबला शेती करणाऱ्या भाच्याकडून, इंद्रजीतकडून, औषधाची बाटली मागवली.

"मामा, सांजच्याला मारा बरं का. सकाळी फुलावर मधाच्या माशा असत्यात," त्यानं फोनवर बजावलं होतं. पण शिवयोगींना सगळी कामं सकाळीच उरकायची सवय. आठ वाजता त्यांनी वाल, तुळस, त्यालगतचा लाल भोपळा, सगळ्यांना फवाऱ्यानं न्हाऊ घातलं.

दुसऱ्या दिवशी झाडताना फरशीवर मधमाश्या दिसल्या. केरसुणीपुढे सरकत जाणाऱ्या, हलक्या, कोरड्या. दोन-चार अजून पाय हलवत होत्या. शिवयोगींनी त्या सुपलीत भरून जास्वंदीखाली पुरल्या. वर बघायचं धाडस झालं नाही.

आठवड्याभरात भोपळ्याची बारकी फळं पिवळी पडून गळायला लागली.

"अहो, बाग गप्प झाली की," महादेवी वरून म्हणाली. "सकाळी केवढी गुणगुण असायची."

शिवयोगी जिना चढून तिच्यासमोर उभे राहिले. "माश्या मी मारल्या. इंद्रजीत औषध संध्याकाळी मारा म्हणाला होता. ऐकलं नाही मी."

महादेवीचे डोळे भरून आले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "उद्या सहाला उठा. त्यांचं काम आता तुमच्याकडं."

सकाळी ती कठड्यावरून वाकून सांगत होती, "लांब देठाचं ते नरफूल. खाली बारका भोपळा दिसतो ती मादी. नराच्या पाकळ्या काढा, मधला दांडा मादीच्या फुलात फिरवा. हळू ओ! शिक्के मारताय का?"

शिवयोगींना हसू फुटलं. चार फुलांनाच अर्धा तास लागला, कंबर धरली. त्यातली दोन फळं टिकली.

मग त्यांनी औषध बंदच केलं. मावा लागलेली पानं साबणाच्या पाण्यानं पुसू लागले. कोथिंबीर खुडायची सोडून फुलू दिली. मातीच्या परळात माश्यांना बसायला खडे टाकून पाणी ठेवलं. महिना गेला, काहीच आलं नाही. तरी पाणी रोज बदलत राहिले.

एका सकाळी ते पाइप धरून उभे असताना कोथिंबिरीच्या पांढऱ्या फुलावर एक मधमाशी बसली. मग दुसरी. शिवयोगी हललेच नाहीत. पाणी वाफ्यातून फाटकाखालून रस्त्यावर गेलं.

"काका, पाणी चाललंय की!" शेजारचा सुबोध ओरडला.

"जाऊ दे रे," ते हळूच म्हणाले, "ओरडू नको."