शुक्रवारी उमटलेला सोमवार

मित्रांनो, लोखंडी मानेचा आणि रबरी दातांचा मी एक जुना तारखेचा शिक्का. जन्म कारखान्यातला, आयुष्य मात्र तुरुंगात गेलं. गुन्हा काहीच नव्हता. अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखात, या तुरुंगाच्या टपालखोलीत, मला सत्तावीस वर्षं झाली. पोटात दिवस, महिना, वर्षाचे पट्टे फिरतात. एका तारखेवर स्वस्थ बसणं नशिबातच नाही.

इथे मला मान मोठा. कैद्याचा कागद न्यायालयात कधीही पोहोचो, त्यानं तो आमच्या खिडकीत दिला ती तारीख धरतात आणि ती मी उमटवतो. न्यायाधीश माझं म्हणणं उलटतपासणीशिवाय मानतात. हे भाग्य खऱ्या साक्षीदारांनाही नाही.

माझी मालकीण लोरेटा प्रुइट, कामाला नेटकी. शुक्रवारी जेवण झालं की ती मला सोमवारच्या तारखेवर फिरवून ठेवी. सोमवारी सकाळी कॉफी निवांत पिता येई. दुपारनंतर खिडकीवर फारसं कोणी फिरकत नसे.

त्या शुक्रवारी तीन वाजता डेलमर हिक्स धापा टाकत आला. दरोड्यासाठी बावीस वर्षांची शिक्षा. ती रद्द करा, असा त्याचा अर्ज न्यायालयात होता. पण मुख्य गोष्टच राहिली होती. दरोड्याच्या वेळी तो चाळीस मैलांवर टायर बदलून घेत होता आणि टायरवाल्या बाईला त्याच्या वकिलानं साक्षीला बोलावलंच नव्हतं. अर्जात ही भर घालायला तीस दिवस होते. त्यातले अकरा दिवस कैद्यांना कोठडीबाहेरच सोडलं नव्हतं. आज तिसावा.

"आलास? मला वाटलं, सुटल्यावरच देतोस," लोरेटा म्हणाली.

"मिस लोरेटा, आधी शिक्का मारा. टोमणे नंतर मारा."

ठप्प! डेलमरनं वाकून पाहिलं आणि पांढराफटक पडला.

"ही तर सोमवारची तारीख!"

"अगं बाई!"

"खोडा ना!"

"खोडलं तर सरकारी वकील म्हणेल, कैद्यानंच खोडलं."

"मग शेजारी दुसरा मारा!"

"दोन तारखा? मग तर तो नाचेलच."

सोमवार म्हणजे मुदत संपली. टायरवाल्या बाईला कोणी काही विचारणार नव्हतं.

लोरेटा चार महिन्यांनी निवृत्त होणार होती. सत्तावीस वर्षांत तिच्या नावावर एकही चूक नव्हती. तिनं कोरा कागद ओढला आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "आज शुक्रवार आहे. शिक्का मी आधीच पुढे फिरवला होता." मग त्याखाली लिहिलं, "दर शुक्रवारी फिरवते." हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

डेलमरची भर मुदतीत धरली गेली. टायरवाल्या बाईला समन्सही गेलं. पण त्या शेवटच्या वाक्यापासून मला चैन नाही. आता दोन वकील येऊन जुने कागद चाळतात. उशीर झाला म्हणून फेटाळलेले सहा अर्ज सापडलेत. सहांवरही शिक्का सोमवारचा, दिलेले मात्र शुक्रवारी दुपारी. त्यांतला एक माणूस आता हयात नाही.

मित्रांनो, मला पुसू नका, तेल घालू नका. फक्त मारण्याआधी माझ्या तोंडाकडे एकदा बघा. आज वार कोणता, मला कळत नाही. जे फिरवाल तेच मी शपथेवर सांगतो, आणि खिडकीपलीकडचा माणूस ते जन्मभर भोगतो.