सगळ्यांना दिसेल अशी जागा

मित्रांनो, माणसाच्या इतिहासात बाईच्या कष्टांना खरा उतार दोनच गोष्टींनी पडला. एक म्हणजे दळणाची गिरणी, आणि दुसरी म्हणजे मी. मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. सापगावात येऊन मला पाच वर्षं झाली. त्यातल्या पहिल्या चार वर्षांत मी एक हातरुमालही धुतला नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. आम्हा बहिणींना रांगेत उभं करून पाणी पाजलं, गरगर फिरवलं आणि पास करून खोक्यात घातलं. माझ्या पोटाला गोल काच आहे. तिच्यावर पाच ताऱ्यांचा एक मोठा स्टिकर चिकटवला होता. मी वीज कमी खाते, असं त्याचं म्हणणं. चार वर्षं मी वीज मुळीच खाल्ली नाही, म्हणजे स्टिकर खोटा नव्हता.

या घरचा मुलगा विपुल कंपनीत पर्मनंट झाला, त्या आनंदात त्याने मला टेम्पोतून घरी आणलं. आणलं ते आईसाठी, म्हणजे सुंदराबाईंसाठी. त्यांचा उजवा खांदा धरला होता. हात डोक्यापर्यंत जात नसे. वेणी घालायला सून लागे. सून जया सकाळच्या गाडीने शहापूरला दुकानात कामाला जाई, तेव्हा घरादाराचं धुणं सुंदराबाईंच्या वाट्याला. न्हाणी इतकी अरुंद की साबण लावताना कोपर भिंतीला आपटे. म्हणून घमेलं कमरेवर घेऊन त्या रोज नदीवर जात.

मी खोक्यातून बाहेर आले आणि घरात पंचायत बसली.

"मागल्या दाराला, न्हाणीच्या शेजारी ठेवा तिला," सुंदराबाई म्हणाल्या. "वर टाकी हाय. सांडलेलं पाणी केळींना जाईल. चार पत्रे टाकले की झाली खोली."

"मागल्या दाराला?" त्यांचे यजमान कमळाकर म्हणाले. "तिथं कोण बघणार तिला?"



"बरं, जागा ठरेल तवर हॉलमध्ये राहू दे," विपुल म्हणाला.

मित्रांनो, 'तवर' हा शब्द कानावर आला की सावध व्हा. माझी चार वर्षं त्याच्यात गेली.

जागेचा शोध मात्र थांबला नाही. स्वयंपाकघर सुचवलं गेलं. मळके कपडे देवाच्या नैवेद्याशेजारी नकोत, म्हणून ते बाद झालं. विपुलने गच्चीवर खोलीचा नकाशा काढला. "तिथवर मी चढू का उडू?" सुंदराबाईंनी विचारलं. नकाशा गादीखाली गेला. मग मुरबाडहून साईनाथमामा आले. ते प्लॉटच्या कामात असल्याने वास्तुशास्त्र त्यांच्या मोबाईलमध्येच होतं. धुण्याची खोली वायव्येलाच हवी, असं सांगून ते माझ्या शेजारी होकायंत्र धरून उभे राहिले. माझ्या लोखंडामुळे सुई भरकटली. एका दुपारी तीन वेगवेगळ्या वायव्य दिशा निघाल्या. तिन्ही ठिकाणी भाताच्या कणग्या होत्या.

माझा मान काही कमी नव्हता. माझ्यावर क्रोशाचं कव्हर होतं, त्यावर प्लास्टिकची फुलं. जयाने एकदा नखाने स्टिकर खरवडायला घेतला, तर कमळाकर ओरडले, "राहू दे गो! तारे दिसू दे लोकांना." दसऱ्याला, वर्षभर राबलेल्या हत्यारांची पूजा होई. कोयता, विळा, फावडं आणि मी, सगळे एका रांगेत, झेंडूच्या फुलांत. विळ्याकडे मला बघवत नसे.

शेजारच्या गुणाबाई काचेला डोळा लावून विचारत, "काय दिसतं गो हिच्यात? सिरियल?"

"अजून तरी आपलंच तोंड दिसतं," सुंदराबाई म्हणत, आणि घमेलं उचलत. निघताना डाव्या हातात फडकं घेऊन माझ्यावरची धूळ पुसत. मग ते फडकं आणि महिन्यातून एकदा माझं कव्हरही, घमेल्यात टाकून नदीवर नेत. मी हॉलमध्ये उभी आणि माझे कपडे नदीवर. मशीनला लाज देत नाहीत, हे त्या दिवसांत बरं वाटायचं.

गेल्या श्रावणात नदीच्या खडकांवर शेवाळ फार होतं. गुणाबाई दारातून ओरडत आल्या. "भावजी, धावा! सुंदरा पडली, उठत नाय!"

धुणं वाहून गेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण आता चालणं होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. खाट न्हाणीजवळ हवी होती. मग मागल्या दाराला आठ दिवसांत खोली उभी राहिली. विटा, पत्रे, दिवा, नळ, केळींकडे जाणारी मोरी. होकायंत्र कोणी काढलं नाही. विटा स्वतः कमळाकरांनी वाहिल्या.

चादरी आता रोज धुवाव्या लागणार होत्या, म्हणून मलाही तिथेच आणलं. जयाने पहिली ओली चादर माझ्या पोटात घातली आणि बटण दाबलं.

"आली गो बाय?" सुंदराबाई खाटेवरून म्हणाल्या. "मी हीच जागा सांगितली होती."

कमळाकर दारात उभे होते. त्यांनी एक रिकामी बादली उचलली, इकडून तिकडे ठेवली, आणि ते केळींत निघून गेले.

त्या दिवसापासून मी रोज काम करते. चादर पिळली जायला लागली की पांघरुणावर सुंदराबाईंची बोटं आपोआप वळतात. धुणं संपेपर्यंत त्यांची नजर माझ्या काचेवरून हलत नाही. गुणाबाई कधीतरी येतात, पालथ्या बादलीवर बसतात, नदीवरच्या बातम्या सांगतात. त्या उठल्या की मग माझा आवाज तेवढा उरतो.

मित्रांनो, घरात कुठलीही वस्तू आणाल, तेव्हा तिच्याशी ज्याचे हात झिजणार त्याला जागा विचारा. सुंदराबाईंना तर कोणी विचारलंही नव्हतं. त्यांनी आपणहून सांगितलं होतं. ऐकायचं तेवढं बाकी होतं.

आणि सापगावकडे कोणी आलात, तर चमचाभर खोबरेल तेल आणि एक फडकं घेऊन या. काचेवरचा तो स्टिकर अजून कोणी काढलेला नाही. खाटेवरून सुंदराबाईंना धुणं निम्मंच दिसतं.