पंखाखालची टाकी

फोटोच्या कोपऱ्यात, लेकाच्या, संदेशच्या, खांद्यामागे, ती होती – दोन्हीकडे निमुळती, रुपेरी, पोटावर झाकण असलेली... राहीनं पदरानं फोटो पुसला. धूळ गेली, टाकी काही गेली नाही.

एनसीसीच्या कॅम्पात दिल्लीचं हवाई दलाचं संग्रहालय बघून आलेला पोरगा सकाळी भाकरी खाताखाता सांगत होता – ही जुनी विमानं, आये, लढाया केलेली. ही पंखाखालची जादा पेट्रोलची टाकी, रिकामी झाली की वरूनच देतात सोडून – आणि सायकल काढून कॉलेजला गेलासुद्धा. देतात सोडून! कुणाच्या शेतात, कुणाच्या संसारात, ते विमानाला वरून कुठं दिसतं...

भातसाचं धरण बांधत होते तेव्हा नवऱ्यानं, बारकूनं, असलीच टाकी बैलगाडीत घालून आणली होती, चिखलानं माखलेली, आणि चेहरा असा, की जणू म्हशाच्या जत्रेत मनासारखा बैल गावला.

"आभाळातून पडली गो. आपल्याच खाचरात. मधोमध कापली का गुरांना पाणी प्यायला दोन डोणी."

"आभाळातून पाऊस पडतो. टाक्या धरणाच्या गोदामात मिळतात."

तेव्हा घराघरांत धरणावरची चोरलेली सळई वाळवणाला लागलेली. पण माझ्या घरात नको. टाकी परत ठेवल्याशिवाय ताट वाढणार नाही म्हटल्यावर तो पेंढ्याखाली झाकून ती गोदामाशी सोडून आला. "वॉचमन म्हनला, आमची नाय," एवढंच बोलला. वॉचमनही सामील असणार, असं तिनं मनाशी धरलं.

पुढं कधी विमान वरून गेलं की सगळी आळी मान वर करी, बारकू खाली. शरमेनं, तिला वाटे. आणि त्या शरमेवर आपण इतकी वर्षं मोठ्या मनानं पांघरूण घातलं... काय तो तोरा!

अंगणात तो दावं वळत बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. फोटो पुढं करून भागणार नव्हतं; टाकी खरंच आभाळातली होती, हे तोंडानंच सांगायला हवं होतं.

"पोराचा फोटू ना गो? कसा दिसतो?"

"तुमच्यासारखा. येडा."

तो हसला. "मागं काय हाये?"

खाचर, पेंढा, रिकामं ताट – सगळं एकदम ओठांशी आलं, आणि त्यातून एकच शब्द सुटला.

"विमान."

बारकूची मान खाली गेली. वर आभाळ तर मोकळंच होतं. बोटं मात्र दाव्यावर थांबली, पीळ तसाच धरून... आता विचारील, तिला वाटलं. विचारावं त्यानं – नको, विचारू नये... फोटो पदराखाली धरून ती उभी राहिली. आज रिकाम्या ताटावर ती होती, आणि वाढणं त्याच्या हाती.