भिंतीवरचा गोलकीपर

हिलाल महाजन यांनी माळ्यावरून गोलकीपरचे, पायांना बांधायचे जुने पॅड काढले, तेव्हा ते देऊन टाकायचे हे घरात ठरलेलं होतं. कोकिळाबाईंनी ते उन्हात ठेवून झटकलेही होते. लेहच्या एका आइस हॉकी क्लबला पंचवीस वर्षं होत होती. क्लबच्या नव्या इमारतीत गाजलेल्या खेळाडूंची भिंत तयार झाली होती आणि तिच्याखाली काचेच्या पेटीत हे पॅड ठेवायचे होते. ते न्यायला प्रायोजक कंपनीचा स्वप्नील अमळनेरला आला होता. पोरगा मूळचा धुळ्याचा.

सैन्यातले ड्रायव्हर हिलाल लेहलाच निवृत्त झाले आणि दोन हिवाळे त्या क्लबात पगारी राखीव गोलकीपर होते. क्लबकडे पॅडचा एकच जोड, तोही मुख्य गोलकीपर नुरबूच्या मापाचा. नुरबू सहा फुटी. त्याचे पॅड बांधले की हिलाल यांना गुडघाच वाकवता येईना. म्हणून ते घरी आले असताना कोकिळाबाईंनी गोधडी कापली, मागून ताडपत्री लावली आणि नवऱ्याच्या मापाचे पॅड शिवले. अंतिम सामन्याच्या सकाळी सरावात नुरबूचं बोट मोडलं. गोलच्या जाळ्यासमोर हिलाल उभे राहिले. शेवटच्या मिनिटाला रबराची चकती त्यांच्या डाव्या पॅडवर आदळून थांबली आणि क्लबला पहिला करंडक मिळाला.

"भिंत कशी झाली, दाखव तरी," स्वप्नीलने पॅड बॅगेत भरल्यावर हिलाल म्हणाले.

स्वप्नीलने मोबाइल पुढे केला. मधोमध त्याच क्षणाचा फोटो होता. बर्फावर आडवा पडलेला गोलकीपर, तोंडावर जाळी, पायांवर लाल-हिरवी ठिगळं. खाली नाव नुरबूचं.

"हे चुकलंय."

"माहीत आहे, आबा."

"माहीत आहे?"

"सगळ्यांनाच माहीत आहे. पण नुरबू सर नऊ वर्षं खेळले, कंपनीच्या जाहिरातीत तेच असतात. जाळीमुळे चेहरा काही दिसत नाही. पेटीवर 'हिलाल महाजन यांच्याकडून भेट' असं लिहू ना आपण. अक्का, तुम्ही तरी सांगा आबांना."

"अक्का कोनले म्हनस रे?" कोकिळाबाई उठल्या. "मन्ही गोधडी, मन्हा नवराना पाय, आनि नाव दुसरानं? वर भेट आम्हीच देवानी?"

"पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू..."

"भिंतनी आवृत्ती निंघस का?"

हिलाल यांनी तोवर नुरबूला फोन लावला होता. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. दोघं हिंदीत बोलले.

"हिलालभाई! पॅड निघाले का?"

"फोटोखाली तुझं नाव आहे."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मी सांगितलं होतं त्यांना."

"किती वेळा?"

"एकदा," नुरबू म्हणाला. "भाई, त्या फोटोवर माझी अकादमी चालते. मुलं तो पाहून येतात. तुला तिकडे या खेळाचं कोण विचारतं?"

"निदान तू तरी विचारायचं होतंस."

हिलाल यांनी फोन बंद केला. आजवर कुणी त्या सामन्याचा विषय काढला की ते हसून, घसरलो नाही एवढंच, असं म्हणून विषय संपवायचे. त्या हसण्यावरून कोकिळाबाईंनी त्यांच्याशी कितीदा भांडण केलं होतं. आता मात्र हिलाल यांचे कान लाल झाले होते. स्वप्नीलच्या बॅगेतून त्यांनी पॅड ओढून काढले. चेन अडकली तर ती तोडली.

"नाही दिलेत तर कंपनी असेच दुसरे बनवून ठेवेल," स्वप्नील म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात आबा नव्हते.

"ठेवू दे. उद्घाटन कधी आहे?"

"जानेवारीत. का?"

"आम्ही दोघं येतोय. हे पायांना बांधून मी त्या फोटोखाली उभा राहणार. येईल त्या प्रत्येकाला सांगणार, आधी माझे पाय बघा, मग खालचं नाव वाचा."

"सर, निमंत्रणं मोजकीच आहेत."

"निमंत्रण मागतोय कोण?" हिलाल म्हणाले. "तुला कळवतोय."