हेडसरांचा तोतया

संगणकाच्या बाईंचा तास आठवड्यातून एकदाच असे, आणि तोही यंदाच्या वर्षापुरता. विषय होता संगणकावरचे गुन्हे आणि त्यांच्यापासून बचाव. हेडसरांचं म्हणणं, गुन्हे शिकवायला शाळा कशाला हवी, ते मुलांना उपजतच येतात. त्या तासाला गणित घातलं तर निकाल तरी सुधारेल. शेवटी असं ठरलं की तपासनीस येऊन वर्ग पाहतील आणि तास ठेवायचा की उडवायचा ते सांगतील. तास उडाला की बाईही उडणार होत्या. त्यांची नेमणूकच मुळी त्या तासापुरती होती.

बाईंनी वर्षभर एकच गोष्ट घोकून घेतली होती. निरोप अनोळखी नंबरावरून आलाय, घाई करतोय, दम देतोय आणि वर कुठलीशी लिंक दाबा म्हणतोय, तर आधी दोन्ही हात खिशात घालायचे. मग ज्याच्या नावाने निरोप आला त्याला, नाहीतर त्याच्या घरच्या माणसाला, थेट विचारायचं. बाकीचा अभ्यासक्रम त्यांच्या मते परीक्षेपुरता होता.

अशातच हेडसरांना जावयाने नवा फोन दिला. नव्या फोनात नवा नंबर. त्यावर स्वतःच्या चेहऱ्याऐवजी हेडसरांनी लाल गुलाब लावला, आणि रविवारी दुपारी जेवून उठल्यावर आयुष्यातला पहिला निरोप स्वतःच्या बोटाने टाइप केला. तपासनीस उद्याच सातला येणार, हे बाईंना मुद्दामच कळवलं नाही. अचानक पाहिलं की खरं काय ते दिसतं, असा त्यांचा अनुभव होता.

‘मी हेडमास्तर आहे. उद्या आठऐवजी सातला वर्गात हजर राहणे. खालील लिंक दाबून ताबडतोब नाव नोंदवा. न नोंदवल्यास कडक कारवाई. ही गोष्ट कोणालाही सांगू नये.’

वर्गातल्या सगळ्यांना हा निरोप धाडून हेडसर समाधानाने आडवे झाले.

सकाळी सातला वर्गात दोनच माणसं होती, हेडसर आणि तपासनीस. हेडसर दर थोड्या वेळाने दाराशी जाऊन येत होते. तपासनीस मागच्या बाकावर कसेबसे मावले होते आणि समोरच्या कोऱ्या फळ्याची तपासणी करत होते.

बाई नेहमीच्या वेळेला आल्या.

“या, बाई. बघा तुमच्या विषयाची गोडी! एक पोर फिरकलेलं नाही.”

“सर, तास आठला असतो.”

“मी सातला बोलावलं होतं. निरोप पाठवून.”

“मला नाही आला.”

“तुम्हाला सोडून सगळ्यांना पाठवला.”

तपासनीसांनी पेनाला टोपण लावलं. “ठीक आहे. माझं पाहून झालं.”

बाईंनी टेबलावरचं डस्टर उचललं आणि पुन्हा तिथंच ठेवलं. पुढच्या वर्षी नोकरी कुठे शोधायची, याचा विचार त्यांनी तेवढ्यात सुरूही केला होता. इतक्यात घंटा झाली आणि अख्खा वर्ग धडधडत आत आला. सगळ्यात पुढे मॉनिटर. कोणाशीही वाद घालते म्हणून तिला सगळे वकील म्हणत.

“सर, बरं झालं भेटलात! तुमचा तोतया निघालाय.”

“माझा काय?”

“तोतया, सर. तुमच्या नावाने सगळ्यांना निरोप पाठवत होता. आम्ही मिळून तक्रार केली आणि त्याचं खातं बंद पाडलं!”

हेडसरांनी नवा फोन खिशातून हळूच बाहेर काढला, पाहिला आणि त्याहून हळू परत ठेवला.

तपासनीसांनी पेनाचं टोपण काढलं. “तोतया कशावरून?”

“नंबर नवा. घाई. दम. लिंक. आणि वर कोणाला सांगू नका म्हणे! सर, सरळ माणूस असं कशाला म्हणेल?”

हेडसर खाकरले.

“पण खात्री केलीत का? की उगाच संशय?” तपासनीसांनी विचारलं.

“केली ना! सरांच्या घरी फोन लावला, काकूंनी घेतला. म्हणाल्या, ‘अगं, हे आत घोरतायत. आणि ह्यांना साधा फोन धड लावता येत नाही, निरोप कुठले पाठवतायत! चोरच आहे तो. सोडू नका त्याला.’”

मुलं अजिबात हसली नाहीत, कारण मामला गंभीर होता. तपासनीसांना मात्र एकाएकी खिडकीबाहेर बघावंसं वाटलं. वळले तेव्हा चेहरा पुन्हा सरकारी झाला होता.

“काय हेडमास्तर, या तोतयाबद्दल तुम्हाला काही माहिती?”

वर्ग हेडसरांकडे बघू लागला. बाईंना सगळं समजलं होतं, पण त्या डस्टरकडे बघत राहिल्या.

“छे! मला कशी असणार?” हेडसर म्हणाले. “पण असले लोक मोकाट फिरतायत म्हटल्यावर... हा तास बंद करून चालायचं नाही.”

“आणि गणित?”

“गणित कुठे पळून जातंय?”

तपासनीसांनी हे शब्द हेडसरांसमोरच लिहून घेतले आणि खाली त्यांची सही घेतली.

संध्याकाळी बाईंच्या फोनवर अनोळखी नंबरावरून निरोप आला. ‘आपला तास पुढील वर्षीही कायम. अभिनंदन. हेडमास्तर.’ या वेळी गुलाब पिवळा होता.

दुसऱ्या दिवशी बाई हेडसरांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. “सर, हा तुमचाच ना?”

“अहो, माझाच! समोर बसून सांगतोय, आता तरी विश्वास ठेवा.”

“ठेवते ना, सर,” बाई म्हणाल्या. “फक्त एकदा काकूंना विचारते.”