चार बोटं उंच

आमचे भावोजी दत्ताराम शेट यांना डोकं नव्हतं असं मी म्हणणार नाही. डोकं होतं, आणि ते महाडच्या बाजारात सगळ्यांना दिसावं एवढीच त्यांची आयुष्यभराची इच्छा होती. देवाने उंची मात्र बेताची दिलेली. मुंबईला गोदीत मुकादम होते तेव्हा खोक्यावर उभे राहून मजुरांना शिव्या द्यायचे म्हणे. मग महाडला परतून तांदळाची वखार घातली आणि ते खोकं सुटलं. तेव्हापासून भावोजी दुसऱ्या खोक्याच्या शोधात होते.

मी ठकूबाई, त्यांची मेहुणी. माझी बहीण शकूला लहान ठेवून गेली तेव्हापासून मी, कपाळ पांढरं झालेली बाई, या घरात राहते. शकूला मी वाढवलं. भावोजींनी काय केलं ते आता सांगते.

त्या साली विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाची जुनी मोटार त्यांनी महाबळेश्वरहून आणली. शर्यतीची, दोनच माणसांची, आणि इतकी हलकी की वखारीतले दोन हमाल तिचं मागचं टोक उचलून तोंड फिरवायचे. बसायच्या जागा पत्र्याच्या, खोलगट, जवळजवळ जमिनीला टेकलेल्या. वर पातळ चामडं, तेही फाटलेलं. तेल लावून उन्हात ठेवलेल्या तान्ह्या पोरासारखं पाय पसरून बसायचं. भावोजी ऐटीत बाजारातून निघाले आणि लोकांना फक्त टोपी दिसली. "शेटची टोपी आली, शेट मागाहून येतील," असं कोणीतरी म्हणालं आणि ते भावोजींच्या कानावर गेलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही त्यांना. मला फार गोड लागलं.

त्याच सुमाराला शकूचं पोलादपूरला जमत आलं होतं. एकोणीस वर्षांची पोर, दोन ठिकाणी जमता जमता मोडलेलं, आणि दोन्ही वेळा भावोजींच्या मानापानापायी. आता तिसरं मोडलं तर पुन्हा कोण दारात येणार, ही धास्ती घरात सगळ्यांना होती. मुलगा सदाशिव, तिथल्या महिपतराव खोतांचा थोरला. शकूने त्याला सावेला पाहिलं होतं. माझे गुडघे शेकायला आम्ही तिथल्या गरम पाण्याच्या उन्हाळ्यांवर गेलो होतो, परतताना माझ्याने पाऊल टाकवेना. मागून बैलगाडी आली, हा तरणा मुलगा टुणकन उतरला, मला आपल्या जागी बसवलं आणि स्वतः महाडपर्यंत धुळीतून चालत आला. घरी आल्यावर शकू तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मावशी, असा असला तर चालेल." पोरीने आयुष्यात एवढंच मागितलं.

महिपतराव सुपारी फोडायला महाडला येणार असं ठरलं. भावोजी म्हणाले, "मोटारनं आणतो. फस्ट क्लास. पोलादपुरात असा मान कोनाचा झाला नसंल."

आता आमच्याकडे व्याह्याला आपल्यापेक्षा खाली बसवत नाहीत. खोत तर अंगाने धिप्पाड, त्यांना त्या पत्र्यात कसं कोंबायचं? म्हणून भावोजींनी दिलावर गादीवाल्याला बोलावलं. पत्रा तसाच ठेवून वर काथ्या, काथ्यावर सावरीचा कापूस आणि वरून लाल मखमल. दिलावरने व्याह्याची गादी झकास केली. तिथेच थांबायचं की नाही? पण भावोजी शेजारच्या पत्र्यावर बसून बघायला गेले, आणि लाल मखमल त्यांच्या खांद्याला लागली.

"ह्यो काय परकार?" ते ओरडले. "मी काय त्याचा ड्रायव्हर हाय?"

"मग तुमचीबी करतो की, शेट," दिलावर म्हणाला. त्याला काय, जेवढी गादी जाड तेवढा धंदा.

त्यांचीही झाली, बरोबरीची. पण खोत उंच, हे बुटके. गाद्या बरोबर झाल्या तरी डोकी बरोबर होईनात. भावोजींनी वखारीतला सगळ्यात उंच हमाल शेजारी बसवून पाहिला आणि पुन्हा दिलावरला हाक मारली. आणखी एक थर, मग आणखी एक. शेवटी त्यांची गादी खोतांच्या गादीपेक्षा चार बोटं उंच झाली तेव्हा कुठे जीव थंडावला. समोरची काच आता छातीखाली आली होती. मी म्हटलं, "भावोजी, पाय खाली पोचतात का?"

"बायकांनी मोटारीच्या कामात बोलू नये," ते म्हणाले. शहाण्याला सांगता येतं.

पोलादपूरला जाताना चढ होता, त्यामुळे काही झालं नाही. येताना काय झालं ते भिकूने आम्हाला साग्रसंगीत सांगितलं. रस्त्याकडेचं शेत त्याचंच, आणि तो तिथे पेंढ्याची उडवी रचत होता. उताराच्या वळणावर त्याला दोन माणसं हवेत बसून येताना दिसली. एकाच्या डोक्यावर पागोटं, दुसऱ्याच्या टोपी, दोघंही देवासारखे ताठ. मग टोपीवाला गादीवरून खाली सरकायला लागला. पाय ब्रेकला पोचेना म्हणून तो घसरत गेला. पाय पोचला तेव्हा डोळे काचेखाली गेले, रस्ता दिसेना. मोटार सरळ उडवीत घुसली.

पेंढाच तो, लागलं कोणाला नाही. मोटारीलाही नाही. दोघं गाद्यांसकट बाहेर फेकले गेले एवढंच. पागोटं सुटून भिकूच्या बांधावर पसरलं.

"तवाबी काय बिगडलं नव्हतं गो, बाय," भिकू मला म्हणाला. "खोत हसत व्हते. म्हनले, जीव वाचला, बसूया घटकाभर."

आणि बसले. खोत आपल्या गादीवर, भावोजी आपल्या. सपाट शेतात, शेजारी शेजारी. खोतांनी घाम पुसत मान वळवली तर उभा राहिला तर त्यांच्या कानाशी येणारा माणूस त्यांच्याकडे वरून खाली बघत होता. त्यांनी भावोजींना उठवलं, दोन्ही गाद्या एकीला एक लावल्या आणि बोटं घालून मोजलं. पेंढ्यात न्हालेल्या दोन घरच्या कर्त्या पुरुषांनी गाद्या मोजल्या! चार बोटं भरली.

"सुपारी नाय फुटायची," महिपतराव म्हणाले आणि पागोटं काखेत मारून पायी पोलादपूरला गेले.

शकूला मी हे सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे होती. तिने भाकरी उलटली, शेकली, ताटात काढली. मग म्हणाली, "तो येईल, मावशी. तो तसा नाही." मलाही तसंच वाटलं. भावोजींचा आणि त्या खोताचा असा संताप आला होता मला, की दोघांना एका गादीत शिवून सावित्री नदीत सोडावं.

आणि सदाशिव खरंच आला. चौथ्या दिवशी सकाळी, स्वच्छ धोतर, नवा कोट. शकू माजघराच्या दारामागे उभी राहिली. मी पाणी दिलं, बसा म्हटलं. तो बसला नाही. आधी त्याने झोपाळ्याकडे पाहिलं, मग सतरंजीकडे, मग भावोजी कुठे बसलेत तिकडे.

"वडील म्हणतात," तो पाठ केल्यासारखा बोलायला लागला, "झालं ते झालं. तुमची ती उंच गादी आमच्याकडे पाठवायची. सुपारीच्या दिवशी वडील तिच्यावर बसतील, आणि तुम्ही जमिनीवर बसायचं. मग सुपारी फुटेल."

"जमिनीवर नाय," भावोजी म्हणाले. "पाटावर."

"पाट किती उंच?" सदाशिवने विचारलं.

देवाशप्पथ सांगते, हे असंच बोलले. आणि मग खरोखर पाटाच्या उंचीवर घासाघीस सुरू झाली. मला राहवेना. मी म्हटलं, "अहो, वडील काय म्हणतात ते कळलं. तुम्ही काय म्हणता?"

"वडिलांपुढे मी काय बोलणार?"

शकू बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट होता, आवाजही नीट होता. "सावेला मावशीसाठी गाडीतून उतरलात, तेव्हा वडिलांना विचारलं होतं का?"

तो गोंधळला. मग अगदी खरं बोलला. "ते गाडीत नव्हते."

शकूने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. ओसरीच्या कोपऱ्यात दोन्ही गाद्या पडल्या होत्या, अजून पेंढा चिकटलेल्या. तिने उंच गादी उचलली, झटकली आणि त्याच्या हातात दिली. "न्या. तुमच्या घरात हिचीच गरज आहे. मी येत नाही."

मला वाटलं, आता तरी हा ती खाली टाकेल. टाकली असती तर मी स्वतः शकूची समजूत घातली असती, पाया पडले असते तिच्या. त्याने गादी काखेत धरून पाहिली, मावेना, मग डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून घेऊन गेला. अशा माणसासाठी मी सावेपासून महाडपर्यंत आशीर्वाद पुटपुटत आले होते.

भावोजी "शकू, शकू" करत राहिले. तिने दुसरी गादी माझ्यापुढे टाकली, "मावशी, गुडघ्याखाली घे," म्हणाली, आणि अंगणात गेली. मोटारीच्या पत्र्यावर गोणपाट दुमडून घातलं, एक भावोजींच्या जागेवर, एक आपल्या. "बाबा, मला फिरवून आणा."

भावोजी जाऊन बसले. पाय सरळ ब्रेकवर गेला. मोटार बाजारातून गेली तेव्हा दुकानदारांना एक टोपी आणि एक वेणी दिसली, बाकी काही नाही.

बऱ्याच वेळाने परतले. शकू तोंड धुवायला विहिरीवर गेली. भावोजी माझ्याजवळ आले आणि पहिल्यांदाच खालच्या आवाजात बोलले.

"लय रडली गो. जाताना रडली, येताना रडली. पन बाजारात कोनाला दिसली नाय. शीट खाली हाय ना."