थंड समुद्रातून धाकलीपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना कॉड मासा आहे. मासा म्हणण्यासारखं आता माझ्यात काही उरलेलं नाही. मोखाड्याकडच्या एका पाड्यावर, गौराच्या घरात, कुडाला टांगलेल्या पिशवीत एक बाटली आहे. तिच्या तळाला दोन बोटं तेल आहे, तेवढाच मी.

माझा जन्म उत्तरेकडच्या थंडगार समुद्रातला. आईने लाखो अंडी पाण्यात सोडली आणि ती निघून गेली. आमच्यात आया थांबत नाहीत. तांदळाच्या कणीएवढा मी बाहेर आलो, तेव्हा पोटाला शिदोरीची पिशवी चिकटलेली होती. ती जेमतेम आठवडाभर पुरते. तेवढ्यात तोंडापुढे खाणं आलं नाही, तर संपलं. आमचं खाणं म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, थंडीत वाढणारे, चरबीने गच्च भरलेले. त्या वर्षी पाणी एखाद-दोन अंशांनी गरम होतं. एवढंच ना, असं तुम्ही म्हणाल. पण त्या एवढ्याशाने आमची अंडी लवकर फुटली, भूक वाढली, आणि ते चरबीदार जीव आणखी उत्तरेला सरकले. मागे राहिले ते हडकुळे, तेही उशिरा आलेले. माझी भावंडं तोंड उघडून वाट बघत राहिली आणि एकेक करून खाली गेली. वादळ नव्हतं की मोठा मासा मागे लागला नव्हता. जेवण वेळेवर आलं नाही, इतकंच. मी एका थंड प्रवाहात सापडलो म्हणून वाचलो. त्यात माझी हुशारी काही नव्हती.

पुढे मोठा झालो, जाळ्यात गेलो. माझ्या यकृताचं तेल बाटलीत भरलं, वर गुटगुटीत बाळाचं चित्र चिकटवलं आणि मुलांच्या वाढीसाठी उत्तम असं इंग्रजीत छापलं. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला होता.

आषाढात आमची खोकी पाड्यावरच्या अंगणवाडीत आली. कुठल्याशा दानशूर मंडळाने पाठवली होती. सोबत निरोप होता, वाटप कार्यक्रमातच करायचं, पाहुणे येतील, फोटो निघतील. अंगणवाडीच्या शीलाताईंनी खोकी कपाटात ठेवून दिली. घरोघरची नागली, म्हणजे नाचणी, संपते ते नेमके हेच दिवस. कपाटाच्या फटीतून मला गौराची दीड वर्षाची पोर दिसायची, धाकली. आधी भिंत धरून उभी राहायची. श्रावणात बसूनच असायची. भाद्रपदात ताईंनी तिच्या दंडाला मापाची पट्टी गुंडाळली, तर ती लाल रंगावर थांबली. लाल म्हणजे पोर खंगून धोक्यात आलेली. ती तिथे, मी कपाटात. मध्ये चार हातांचं अंतर. आणि पाहुण्यांना रस्ता वाळल्यावरच यायचं होतं.

ते दसऱ्यानंतर आले. चाळीस बाटल्या, चाळीस फोटो. त्या गडबडीत ताईंनी गौराला सांगितलं ते एवढंच, रोज एक चमचा, विसरू नको.

गौरा विसरली नाही, मित्रांनो. रोज अंघोळ झाली की चमचा काठोकाठ भरायची आणि धाकलीच्या छातीला, पाठीला, मांड्यांना जिरेपर्यंत चोळायची. अशक्त पोराला इथे तेल लावतात. पाजत कुणी नाही. शेजारची तुळशी म्हणायची, "काय गं, पोरीला सुकटीत मुरवतेस काय?" नवरा जिव्या म्हणे, गावची मांजरं आता आपल्याच दारात. गौरा हसण्यावारी न्यायची. ताईंनी दिलंय म्हटल्यावर वास सोसायचा. मी त्या बरगड्यांवर नुसता चकाकत राहिलो. पोटात थेंब गेला नाही.

दिवाळी झाली. पाड्यावरच्या मजुरांना वीटभट्टीच्या कामावर नेणारा ट्रक खोडाळ्याहून सुटायचा होता त्याच सकाळी गौरा पोरीला वजनाला घेऊन आली. काटा आणखी खाली गेला होता.

"तेल पाजतेस ना?" ताईंनी विचारलं.

"पाजायचं?" गौरा म्हणाली. "मी लावते ताई. एक दिस चुकले नाही."

ताई म्हणाल्या, "मी सांगितलंच नाही गं तुला."

जिव्या दारात आला. मुकादम खोळंबलाय, पोर भट्टीवर सुधारेल, चल म्हणाला. गौराने पोरीला पदराखाली घेतलं. "तू जा. मी जव्हारला जाते."

जव्हारच्या दवाखान्यात सतरा दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी माझी बाटली फिरवून पाहिली. तिच्यावरची तारीख उलटून गेली होती. म्हणून मी असा पिशवीत राहिलो. धाकली वाचली. पण पावसाळ्यात हुकलेली वाढ सगळी भरून निघेल असं सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या.

"चालेल ना ती?" गौराने विचारलं.

"चालेल. उशिरा."

इकडे गौरा निघाली त्याच दुपारी ताई बाकीच्या घरी धावल्या होत्या, हे मला मागाहून कळलं. चारच घरांत तेल पोराच्या तोंडात जात होतं. अकरा घरांत ते अंगाला लागत होतं, एका घरात दिव्यात जळलं होतं. तेवीस घरांना कड्या होत्या. ती पोरं ट्रकमधून केव्हाच गेली होती.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाला काहीबाही द्याल. तेव्हा देण्याचा दिवस आपल्या सोयीने ठरवू नका. आणि दिल्यावर लगेच पाठ फिरवू नका. चमचा पोराच्या तोंडापर्यंत जातो का ते बघा, मगच घरी जा.